दोघांचं मिळून वजन

मेंढ्यांच्या बाजारात एकाच नराच्या शिंगावर माझा आणि एका अनोळखी तरुणाचा हात एकदमच पडला. हा नर हातचा गेला तर?

"सोडा ना... मी आधी धरलाय."

"इतका हडकुळा कशाला हवाय?"

"याच्या आईला दर वेळी जुळी होतात म्हणून."

"म्हणूनच मीही धरला होता," तो हसला. हात मात्र त्यानं जरा उशिराच काढला.

तो पैदास केंद्रात कोकरांची वजनं घ्यायचा. ताणकाटा खांद्याला लावून दर महिन्याला आमच्याकडे येऊ लागला. पण पहिल्या वर्षी सगळ्या मेंढ्यांना एकेकच कोकरू झालं! बाबांनी नाक मुरडलं. मी रडकुंडीला आले.

"जुळी होणं आईवर असतं," तो म्हणाला. "या नराचा गुण त्याच्या लेकींत दिसेल. थांबाल ना?"

"तुम्ही येत राहाल?"

तो उगाच काटा पुसत बसला. "येईन की..."

थांबले. दोन वर्षांनी लेकी व्यायल्या. आठांपैकी सहा जणींना जुळी! पण कोकरं इतकीशी... बाबांनी बजावलं होतं, तीन महिन्यांनी त्यांच्या मेंढ्याच्या कोकरांएवढं वजन भरलं नाही तर कळप मामाकडे आणि मी शहरात मावशीकडे. तिकडे गेल्यावर हा कुठं दिसणार? मला तो आवडत होता, फार आवडत होता.

वजनाच्या दिवशी बाबांच्या थोराड मेंढ्याचं एकुलतं कोकरू वीस किलो भरलं. माझ्या जुळ्यांतलं एक पंधरा. दुसरं... चौदा.

"बघितलंस?" बाबा म्हणाले.

मला हुंदका आवरेना.

"काका, थांबा." त्यानं दोन्ही कोकरं एकाच झोळीत घातली. "एका आईनं किती वाढवलं, ते बघायचं. एकोणतीस!"

बाबांनी सहाही जोड्या तशाच तोलून घेतल्या. एकही विसाच्या खाली गेली नाही.

"ठेव तुझा कळप," म्हणत ते मावशीला फोन करायला घरात गेले.

तो झोळी गुंडाळू लागला. "केंद्राचं काम संपलं. आता इकडे यायला कारण नाही..."

माझा जीव पुन्हा टांगणीला. "मग?"

"मग... बिनकारणाचा आलो तर चालेल?"

"नाही चालणार."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"कारण आहे ना तुमच्याकडे? बाबा आत आहेत. जा, सांगून या."

त्यानं ताणकाटा माझ्या हातात दिला, केसांतलं गवत झटकलं आणि घराकडे निघाला.