तूर्त माझ्या खात्यावर

काचेपलीकडचं पान संपलं आणि ती तशीच उभी राहिली.

औषधाच्या दुकानातून मनगटाचा पट्टा घेऊन ती कामावर परत निघाली होती. वाटेत विजेच्या वस्तूंचं एक दुकान लागायचं. एरवी त्याच्या काचेत मिक्सर नाही तर इस्त्र्या मांडलेल्या असत. आज मधोमध एका स्टँडवर छोट्या वहीएवढं यंत्र होतं आणि त्यावर अगदी छापल्यासारखं एक पान. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट. वादळ सुरू आहे, खालून कुणीतरी हाक मारतंय, तो जिना उतरतो, दाराची कडी काढतो — आणि पान संपलं.

तेवढ्यात आतून एक हात आला. त्यानं यंत्राच्या कडेचं बटण दाबलं. पान बदललं. हाताचा मालक तिच्याकडे बघतही नव्हता. दुसऱ्या हातानं तो इस्त्र्यांवरची धूळ झटकत होता. तिनं पान वाचून संपवलं. हात पुन्हा आला. अशी तीन पानं झाली. चौथ्याच्या वेळी हात काही येईना. तिनं वर बघितलं, तर तो दाराकडे बोट दाखवून हसत होता.

"काचेतून तीनच पानं फुकट," ती आत आल्यावर तो म्हणाला. "पुढचं बसून वाचायचं."

"ही धंद्याची युक्ती आहे का?"

"आजच सुचली. चालते असं दिसतंय."

ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं बांधायची. फाटकी, निखळलेली, वाळवीच्या तावडीतून सुटलेली पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, पुठ्ठा-कापड चढवायचं. नऊ वर्षांच्या शिलाईनं उजवं मनगट धरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कामापुरतं काम करा, पण घरी जाऊन जाडजूड पुस्तकं धरून बसू नका. हे तिला जिव्हारी लागलं होतं. दिवसभर शेकडो पुस्तकं हातात, आणि वाचायला एक नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी उपाशी, तशी गत.

"मनगटासाठी हवंय म्हणता? मग सावकाश बघू," तो म्हणाला आणि काउंटरवर तीन यंत्रं मांडली. "हे सगळ्यात महाग. मोठा पडदा, पेननं लिहिताही येतं. तुम्हाला लिहायचंय?"

"नाही."

"मग हे गेलं." त्यानं ते खरोखरच खणात परत ठेवलं. असा विक्रेता तिनं आजवर पाहिला नव्हता. "आता डावा हात पुढे करा. डोळे मिटा."

"कशाला?"

"डोळे उघडे असले की माणूस किंमत बघतो. हाताला फक्त वजन कळतं."

तिनं डोळे मिटले. तळहातावर एक यंत्र आलं, गेलं. दुसरं आलं. त्यांच्या मधे एक क्षण त्याच्या बोटांची टोकं टेकली असावीत… नसावीतही.

"दुसरं," ती म्हणाली.

"बरोब्बर. याला कडेला बटण आहे. पान उलटायला अंगठा पुरतो, मनगट हलत नाही. पडदा डोळ्यांवर चमकत नाही, उन्हातही वाचता येतं. चार्जिंग तीनेक आठवडे टिकतं. कव्हर मात्र घेऊ नका. यंत्रापेक्षा कव्हरच जड असतं, आणि आम्ही तेच गळ्यात मारतो."

सुरू करून द्यायलाही तोच बसला. यंत्रानं भाषा विचारली, वाय-फाय विचारलं, मग यंत्राला नाव द्या म्हणालं. तिला काही सुचायच्या आत त्यानं टाइप केलं : 'बाइंडरबाई'. मग खातं विचारलं आणि गाडी अडली. तिच्या ईमेलचा पासवर्ड तिला आठवेना.

"असू द्या," तो म्हणाला. "तूर्त माझ्या खात्यावर लावतो. माझी साठेक पुस्तकंही आयती मिळतील तुम्हाला. पुढे सावकाश बदलून देईन."

दुकानाच्या घड्याळात बघितलं तर नुसतं सुरू करण्यातच पाऊण तास होऊन गेला होता.

तळघरात काका वाट बघत होते. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने बांधणीकार. तिला सुई धरायला त्यांनीच शिकवलं होतं. यंत्र बघून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लोहाराच्या घरी प्लास्टिकची कढई! कुठून शिवायचं हे, बये?"

"हे फाटतच नाही, काका."

"फाटत नाही असं काही नसतं. आपल्याला शिवण दिसत नाही, एवढंच."

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं रखवालदाराची गोष्ट उघडली आणि पडद्यावर पाटी आली : 'दुसऱ्या यंत्रावर तुम्ही एकशे बाराव्या पानावर आहात. तिथे जायचं?' ती होती चौतिसाव्या पानावर. क्षणभर तिला काही उमजेना. मग हसू आलं. खातं एक, यंत्रं दोन. तोही तेच वाचत होता, आणि तिला त्याची पावलं दिसत होती.

तिनं एका ओळीखाली टीप लिहिली : 'एवढी घाई? आणि म्हणे सावकाश —'

दुपारी टिपेखाली उत्तर उमटलं होतं : 'मी दुसऱ्यांदा वाचतोय… तुमच्यासाठी परत मागे येतो…'

तेव्हापासून तिनं त्याचं नावच सावकाश ठेवलं. टिपा दोघांच्या सारख्याच दिसत, म्हणून खूण ठरली : तिच्या शेवटी रेघ, त्याच्या शेवटी तीन टिंबं. नियमही ठरला. पुढे जाईल त्यानं प्रकरणाच्या शेवटी थांबायचं आणि मागच्याची वाट बघायची. 'मी इथे थांबलेय. ये —' असं लिहून ती कामाला लागायची आणि कापडावर खळ फिरवतानाही मन त्या पानावर असायचं.

गुरुवारी दुकान अर्धा दिवस बंद असे. त्या दुपारी तो ग्रंथालयाच्या मागच्या बाकावर येऊन बसे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"पट्टा सैल झालाय तुझा."

"असू दे."

"असू दे काय? दे इकडे हात." तो पट्टा घट्ट करायचा, मग त्यात एक बोट घालून बघायचा. "जास्त आवळला का?"

"जरा."

"मग सांगत का नाहीस?"

"आवळलेला बरा वाटतोय…"

तो हसला नाही. त्यानं बोट लगेच काढलंही नाही.

"खातं बदलून देतोस ना?" तिनं एकदा विचारलं. "पासवर्ड सापडलाय माझा."

"बदललं की तुझ्या टिपा मला दिसणार नाहीत."

"मग?"

"मग काय… सावकाश बदलू."

हे काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, जुळवत होते. कच्च्या दोऱ्यानं पानं तात्पुरती टाचून घ्यायची, पक्की शिलाई झाली की कच्चा दोरा ओढून काढायचा, ही त्यांची पद्धत. "कच्चा दोरा वेळेत काढावा," मान वर न करता ते म्हणाले. "राहिला, तर पान नेमकं तिथेच फाटतं."

"तुमचं आपलं काहीतरीच, काका."

चार महिन्यांत एकतीसपैकी तीस प्रकरणं झाली. हळूहळू वाचायचं कारण उघड होतं. पुस्तक संपावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. शेवटचं प्रकरण मात्र येत्या गुरुवारी बाकावर बसून एकत्र वाचायचं, एकाच यंत्रावर, असं त्यानंच सुचवलं होतं. ते संपलं की ती त्याला सांगणार होती. वाक्यही तयार होतं. साधंच होतं : मला तुझ्याबरोबर दुसरं पुस्तक सुरू करायचंय, आणि त्यानंतरचीही सगळी. मनगटासाठी घेतलेल्या यंत्रानं तिचं सगळं आयुष्यच हलकं केलं होतं, आणि ते तसंच राहणार की नाही, हे त्या एका वाक्यावर होतं.

मंगळवारी सकाळी तिनं पुस्तक उघडलं. पाटी आली : 'दुसऱ्या यंत्रावर तुम्ही शेवटच्या पानावर आहात. तिथे जायचं?'

नियम मोडला लबाडानं, असं मनात म्हणत तिनं 'नको' दाबलं. मग मागची पानं चाळली. तिसऱ्या प्रकरणाखाली तिची जुनी टीप होती : 'मी इथे थांबलेय. ये —' त्याखाली त्याची : 'आलो…' आणि त्याखाली नवी, कालपर्यंत नसलेली एक ओळ. तिला ना रेघ होती, ना टिंबं.

'कोण थांबलंय?'

तिनं यंत्राची सेटिंग उघडली. खात्यावरची यंत्रं : एक त्याचं. एक 'बाइंडरबाई'. आणि तिसरं, आठ दिवसांपूर्वी जोडलेलं. त्याचं नाव होतं, 'आमचं'.

गुरुवारची वाट न बघता ती जेवणाच्या सुटीत दुकानात गेली. तो एका ग्राहकाला टोस्टर दाखवत होता. ग्राहक जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. मग तिनं यंत्र काउंटरवर ठेवलं आणि ती ओळ दाखवली.

त्याचा चेहरा उतरला. "मी सांगणार होतो…"

"कोण आहे?"

"लग्न ठरलंय माझं. दुसऱ्या गावी असते. तिला भेट म्हणून एक पाठवलं, आणि सवयीनं माझ्याच खात्यावर लावलं. टिपांचं लक्षातच आलं नाही."

"कधी ठरलं?"

तो खणातल्या वायरी नीट करू लागला.

"कधी ठरलं, विचारतेय."

"वर्ष होईल… पण तेव्हा मी तिला नीट ओळखतही नव्हतो. घरच्यांनी ठरवलं. मग तू आलीस. मला वाटलं, सावकाश काहीतरी मार्ग…"

"कुठलं यंत्र पाठवलंस तिला?"

"काय?"

"मॉडेल."

"हेच. बटणाचं."

"का? तिचंही मनगट दुखतं?"

बाहेर कुणीतरी काचेतल्या मिक्सरसमोर थांबलं आणि निघून गेलं.

"लग्नाचं तू कधी विचारलंच नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"मी कव्हरचंही विचारलं नव्हतं. वजन, चार्जिंग, उन्हात कसं दिसतं — न विचारता सगळं सांगितलंस. तुझ्यासारखा खरं बोलणारा दुकानदार नाही, असं मी सगळ्यांना सांगत फिरले." तिनं यंत्र त्याच्याकडे सरकवलं. "आता तिला काय उत्तर देऊ, ते सांग. तिनं मला विचारलंय."

"काही देऊ नकोस. मी बोलतो तिच्याशी."

"कधी?"

त्यानं तोंड उघडलं. कुठला शब्द येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं तोंड मिटलं.

"आणि मी?" ती म्हणाली. "गुरुवारी मला काय सांगणार होतास, कोणाला निवडलंस म्हणून?"

"मला तू आवडतेस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हे खोटं नाही."

या वाक्याची तिनं चार महिने वाट पाहिली होती. ते आता काउंटरवर, टोस्टरच्या रिकाम्या खोक्याशेजारी येऊन पडलं होतं. तिनं यंत्र उचललं.

तळघरात परतली तेव्हा काकांनी तिच्याकडे एकदा बघितलं, उठले, स्वतःचं स्टूल तिला दिलं आणि काही न विचारता दाराबाहेर चहा घ्यायला गेले.

तिनं तिसरं प्रकरण उघडलं. 'कोण थांबलंय?' या ओळीखाली अंगठ्यानं एकेक अक्षर दाबत लिहिलं : 'मी पुस्तकं शिवते. चार महिने इथे थांबले होते, तुझं मला माहीत नव्हतं. बाकीचं त्यालाच विचार. पण त्याला वेळ देऊ नकोस —'

ओळ गेली याची खात्री होईपर्यंत ती थांबली. एकतिसाव्या प्रकरणाकडे तिनं बोट नेलं आणि परत घेतलं. मग सेटिंगमध्ये जाऊन 'हे यंत्र खात्यातून काढा' दाबलं. 'सर्व पुस्तकं जातील. नक्की?' असं यंत्रानं विचारलं. या सगळ्या काळात तिला 'नक्की?' असं विचारणारं हेच पहिलं. तिनं 'नक्की' दाबलं.

पडदा एकदा काळा झाला, मग पांढरा.

'स्वागत. भाषा निवडा.'

तिनं निवडली. वाय-फाय जोडलं. यंत्राचं नाव विचारलं तेव्हा तिनं स्वतःचं खरं नाव लिहिलं. ईमेल, पासवर्ड. झालं. ग्रंथसंग्रह रिकामा होता.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळं मिळून चार मिनिटं लागली होती.

त्या दिवशी त्याला पाऊण तास लागला होता.