मड्डमचा ळ

नाताळच्या दुपारी कमळाकर मास्तर पनवेलच्या बाजारात गॅसबत्ती भाड्याने आणायला गेले. मिशनच्या देवळातल्या दोन कंदिलांवर कीर्तन काय होणार, कप्पाळ? बत्ती घेऊन परत येताना त्यांच्या मनात धाकधूक होती, पण ती भुताच्या भीतीने नव्हे. भूतबीत त्यांच्या गावीही नव्हतं. ती धाकधूक होती शमुवेलरावांची.

शमुवेलराव म्हणजे तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील पंच. भुवया अशा, की लहान पोरं त्यांच्यासमोर खोकला गिळायची. मास्तर मिशनच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मनातून हाडाचे कीर्तनकार. येशूच्या जन्माचं आख्यान त्यांनी रचून ठेवलं होतं, आणि शमुवेलराव तीन वर्षं एकच वाक्य म्हणत होते, "प्रभूच्या देवळात तबला? उद्या तमाशा आणाल!"

"अहो, आपल्या आज्यापणज्यांनी देव ऐकला तो कीर्तनातच ना?" मास्तर कळवळून म्हणायचे. "मग येशूची गोष्ट विलायती चालीतच का रडायची?"

शेवटी पाळकसाहेब मधे पडले. यंदा एकदा कीर्तन होऊ दे म्हणाले. शमुवेलरावांनी मान हलवली ती अट घालूनच. "होऊ दे. पण एक माणूस जरी मधेच उठून गेला, तर तबला पुन्हा या देवळाची पायरी चढणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही."

आणि शमुवेलरावांची तब्येत, सांगायला वाईट वाटतं, ठणठणीत होती.

आता डोरती मड्डमबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मड्डम विलायतेहून आली ती तरुणपणी आणि पनवेलच्या मातीतच गेली. देवळातली पायपेटी तिची. पाय मारायचे, भाता भरायचा आणि वरती बोटं चालवायची. निम्म्या गावाला तिने गाणी शिकवली. मराठी फर्डं बोलायची, पण एक अक्षर काही केल्या जिभेवर बसेना. ळ. बाळाला बाल, नाताळाला नाताल, आणि पाळकसाहेबांना चारचौघांत "आमचे पालक" म्हणायची, म्हणजे भाजीच की हो! ओवे-कोन गावांकडचे आगरी बाजाराला आले की कौतुकाने म्हणायचे, "मड्डम आपलीच हाय गो! आपल्यावानीच बोलतंय!" कारण तेही डोळ्याला डोलाच म्हणतात. मड्डमला मात्र ते फार लागायचं. रोज दुपारी आरशासमोर उभी राहून जीभ वळवायची, "ल… ल…" आणि डोळे पुसायची. शेवटच्या आजारात पाळकसाहेबांना म्हणाली होती, "स्वर्गात गेले की प्रभूकडे पहिलं ते अक्षर मागणार."

मड्डमवर लोकांचा जीव. तिच्या तोंडून गाणी शिकलेली अख्खी मंडळी देवळात ल-च म्हणायची. घरी स्वच्छ बाळ म्हणणारी बाई देवळाचा उंबरा ओलांडला की बाल म्हणायला लागायची. मास्तरांच्या मराठी कानांना हे सोसायचं नाही. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, आज देवळात तबलाही आणायचा आणि ळही.

दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. तबल्यावर आनंदा. बत्तीचा सूं सूं आवाज, झेंडूचा वास, आणि कोपऱ्यात चादर घातलेली मड्डमची पायपेटी. मड्डम गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. भात्याचं चामडं उंदरांनी केव्हाच खाल्लं होतं.

मास्तरांनी चिपळ्या उचलल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी हो!"

कोपऱ्यातून उत्तर आलं, "हूंऽऽऽ…"

सगळ्यांच्या माना वळल्या. चादर जागच्या जागी होती. मास्तरांनी घसा खाकरला. "आज नाताळ…"

"हूंऽऽऽ…" आता जरा वरच्या सुरात. एखादं पोर दुसऱ्याच्या हातातल्या खेळण्याकडे बघून कण्हतं, तसं.

"उंदीर असतील," पाळकसाहेब पुटपुटले. त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसलेला दिसला नाही.

मास्तर पुढे रेटत राहिले, पण माणूस हुशार. त्यांच्या ध्यानात आलं की पेटी कण्हते ती फक्त ळ आला की. झालं! मग काय कसरत सुरू झाली! मेंढपाळांचे झाले "मेंढरं राखणारे", अक्राळविक्राळ रात्रीची झाली "भयंकर रात्र", बाळाचा झाला "तान्हुला". आनंदा डोळे विस्फारून बघत होता, की आख्यान पाठ असलेला हा माणूस असा चाचपडतोय का. मास्तरांच्या फेट्याखालून घाम निथळत होता. पण ध्रुपद कसं चुकवणार? ध्रुपदच होतं, "गव्हाणीत निजलं बाळ, आले आले मेंढपाळ!" एका ओळीत दोन दोन!

त्यांनी डोळे मिटून ओळ म्हटली. पेटी अशी काही विव्हळली की बत्तीची ज्योत भपकन निळी झाली. दाराशी बसलेल्या वेणूने पोराला छातीशी धरलं आणि ती अर्धी उठली. शमुवेलरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. त्यांच्या भुवया हळूहळू वर चढत होत्या.

 मास्तरांची आयुष्यभराची हौस आता वेणूच्या गुडघ्यांवर लटकत होती. ते गर्रकन पेटीकडे वळले आणि हात जोडून ओरडलेच, "मड्डम! तुम्हाला माझा ळ हवाय ना? घ्या! नेऊन टाका! पण माझी माणसं उठू देऊ नका हो…"



मग चादरीखालून एक सूर आला. गोड, भरलेला, मड्डमच्या बोटांचा. मास्तरांनी ओळ सुरू केली, "गव्हाणीत निजलं…" आणि नेहमीसारखे थांबले, मागच्या साथीदारांनी उचलावी म्हणून. मागे आनंदा एकटा, आणि त्याची तर दातखीळ बसलेली. ओळ उचलली ती पेटीने. सूर अगदी अचूक, आणि तबला नसतानाही ताल असा, की आनंदाचे हात आपोआप पडायला लागले. वेणू खाली बसली. मंडळी गायला लागली. भीतीने म्हणा, आनंदाने म्हणा, कोणीही जागचं हललं नाही. शमुवेलराव तर मांडीवर ठेका धरून बसले होते. नंतर विचारलं तर म्हणाले, मुंगी चावत होती.

संपल्यावर तेच पुढे आले. "मड्डमने स्वतः साथ केली, तिथे मी कोण बोलणारा? तबला राहील. पुढच्या नाताळला कोणतं आख्यान, कमळाकरराव?"

मास्तरांना रडू येत होतं. "पुढच्या नातालला…" ते थांबले. "नाता…ल." पुन्हा एकदा. "नाताल." लोक हसले. मास्तरही हसले. दमली जीभ, म्हणाले.

जीभ दमली नव्हती. शाळा उघडली आणि मास्तर वर्गात म्हणाले, "फल्याकडे बघा." पोरं खिदळली. जिभेवरून टाळ गेला, चिपळी गेली, शाळा गेली. स्वतःचं नाव सांगायला गेले तर कमलाकर! दुपारी दार लावून आरशासमोर उभे राहायचे, जीभ वळवायचे, "ल… ल…" आणि डोळे पुसायचे.

एका दुपारी देवळाची झाडलोट करणारी आगरीण गुणाबाई धापा टाकत आली. "मास्तर, चला बेगीन. पेटीत कोन बोलतंय."

"काय बोलतंय?"

"तुमी आदी बोलायचे ना, जड जड अक्षर, तसा. माज्या तोंडात नाय येत तो."

देऊळ तापलेलं होतं. जुन्या लाकडाचा आणि उंदरांचा वास येत होता. चादर तशीच होती. मास्तर जवळ गेले, आणि आतून हळूहळू, नवी पाटी मिळालेल्या मुलीसारखं ऐकू आलं, "बाळ… पाळक… मेंढपाळ…" मग एक खुशीतलं हसू. मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि डोळेही भरून आले. तीस वर्षांनी जमलं होतं बिचारीला.

"कमळाकर," पेटी म्हणाली. स्वच्छ. त्यांच्या आईने मारली असती तशी हाक.

"ओ," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं. "मी… कमलाकर."

"नाही," आतून फार मायेने आलं. गाणी शिकवताना मड्डम बोलायची तसं. "जीभ वर… अजून वर. पुन्हा म्हणा."

गुणाबाईने झाडू टाकला आणि दार गाठलं. मास्तर जागचे हलले नाहीत. चादरीखाली, पाय मारायच्या दोन फळ्या एकापाठोपाठ एक खाली-वर होऊ लागल्या होत्या.