एक पाव, एक फेरी

त्याचे खिसे आधी ऐकू आले, मग तो दिसला. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तो बेकरीच्या दारात उभा राहून पायपुसण्यावर पाय पुसत होता – इतका मन लावून, की मला उगाच हसू आलं.

"एक पाव, एक कॉफी," म्हणत त्यानं काउंटरवर मूठभर नाणी ओतली.

मी पाटीकडे बोट दाखवलं. 'येथे रोख रक्कम घेतली जात नाही.' पाटी मामाची, बेकरीही मामाची, आणि आई गेल्यापासून मला लहानाचं मोठं केलं तेही मामानंच. तेव्हा पाटीशी भांडायचा प्रश्नच नव्हता.

"का? खोटी आहेत का ही?"

"खरी आहेत. पण आमच्याकडे चालत नाहीत."

"गंमतच आहे. समोर बागेत लाकडी घोड्यांचा पाळणा आहे ना, तो माझा. पोरं नाणी घेऊन येतात. दिवसभर कमावतो, आणि रस्ता ओलांडला की कंगाल."

हे सांगताना तो हसत होता. हसला की त्याच्या डाव्या गालावर... जाऊ दे. खळी बघून विरघळणाऱ्यांतली मी नाही. पण पाव नुकताच भट्टीतून निघाला होता आणि त्याची नजर पावावरून हलत नव्हती. मी माझ्या फोनवरून पैसे भरले आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"नाणी तरी घ्या."

"मी त्यांचं काय करू? माझं सगळं फोनवरच चालतं."

"मग पाळण्यावर या. एका पावाला एक फेरी."

"मी काय लहान आहे?"

"घोड्यांना वय कळत नाही," तो म्हणाला.

जायचं नाही असं पक्कं ठरवलं आणि बेकरी बंद होताच गेले. एक कान तुटलेल्या पांढऱ्या घोड्यावर बसले. पाळणा फिरू लागला तशी बाग, बाकं, बेकरी, तो... बाग, बाकं, बेकरी, तो... आपण प्रत्येक वेळी त्याच्यापाशी यायचीच वाट बघतोय, हे लक्षात आलं तेव्हा पाळणा थांबला होता.

मग तो रिवाजच झाला. दुपारी त्याच्या पावाचे पैसे मी भरायचे, संध्याकाळी त्यानं मला फिरवायचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एके दिवशी एक आजोबा आले, पाटी वाचली, हातातल्या नोटेची पुन्हा घडी घातली आणि गेले. मला त्यांच्याकडे पाहवेना.

"मी तुझ्या ओळखीवर खातो," पाळणेवाला हळूच म्हणाला. "त्यांनी कुणाच्या ओळखीवर खायचं? आणि मला तरी... एकदा माझ्या कमाईचा पाव तुझ्या हातून घ्यायचाय."

त्याच दिवशी मी मामाला गाठलं. "मामा, ती पाटी काढ."

"गल्ला म्हणजे डोकेदुखी. मोजायचं कुणी, बँकेत न्यायचं कुणी?"

"पण अर्धी वस्ती तू दाराबाहेर ठेवलीयस."

"अर्धी वस्ती, की एक पाळणेवाला?" मामानं चष्म्यावरून पाहिलं. मी पिठाचा डबा पुसायला घेतला. तो आधीच चकचकीत होता.

"दोन्ही," मी शेवटी म्हणाले.

मामानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "गल्ला तू सांभाळायचा. रोज संध्याकाळी जुळवायचा. चुकला तर तुझ्या पगारातून."

"कबूल."

पाटी उतरली. आजोबा आले, टोस्ट घेऊन गेले. पाळणेवालाही आला. त्यानं नाणी ठेवली, मी घेतली. त्या पावाकडे त्यानं असं पाहिलं, की माझाच ऊर भरून आला. पण संध्याकाळी मी गल्ल्यात अडकले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. गल्ला जुळेपर्यंत बागेचं फाटक बंद झालेलं असायचं. आणि चौथ्या दिवशी तो म्हणाला, "किती झाले तुमचे?"

तुमचे! का येत नाहीस, असं त्यानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यानं विचारलं नाही, आणि आपणहून सांगणाऱ्यांतली मी नाही. पुढचे काही दिवस त्याचे खिसे दारात वाजायचे, नाणी काउंटरवर वाजायची, आणि आम्ही दोघं गप्प.

शेवटी बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी माझंच डोकं फिरलं. सरळ बागेत गेले आणि त्याच्यापुढे नाणं धरलं.

"एक फेरी."

त्यानं नाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "बरेच दिवस आला नाहीत."

"रोज गल्ला मोजत बसते. तुझ्यासाठी... म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी मामाशी भांडून अंगावर घेतलाय तो."

"मला वाटलं, माझी ब्याद टळावी म्हणून पाटी काढलीत. आता पैसे देतो म्हटल्यावर यायचं कशाला..."

"तुला ना, काही म्हणजे काही कळत नाही," मी म्हणाले. डोळे भरून आले होते आणि त्याचाच जास्त राग येत होता. "तू आवडतोस मला. म्हणून काढायला लावली. आता घे हे नाणं आणि फिरव तुझा पाळणा."

त्याचा हात पुढे आला. नाणं त्यानं घेतलं नाही, नाण्यासकट माझी मूठच मिटली. मिटली आणि धरून ठेवली.

"तुझे पैसे इथे चालत नाहीत."

"का? खोटे आहेत का?"

"खरे आहेत," तो म्हणाला. "पण आपल्या माणसाकडून मी पैसे घेत नाही."

मी गुपचूप पांढऱ्या घोड्यावर जाऊन बसले. त्यानं पाळणा सुरू केला आणि उडी मारून शेजारच्या तपकिरी घोड्यावर बसला. बाग, बाकं, बेकरी सगळं मागे पळत होतं. त्याची वाट मात्र आता बघावी लागत नव्हती.

"उद्या पाव घ्यायला येशील ना?" मी विचारलं.

"येईन. पैसे घेशील?"

"घेणारच, तेही रोख. मामा काही तुझा कुणी लागत नाही अजून."

"अजून," तो म्हणाला, आणि हसता हसता त्याचे खिसे वाजले.