कडेला उभी असलेली बाई

बाजारातल्या फोटोच्या दुकानात, मागच्या खोलीत, एक माणूस बसायचा. त्याला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. काम तसं साधंच. लोक मेमरी कार्डात भरून फोटो आणायचे, आणि हा ते कॉम्प्युटरवर लहान करून द्यायचा, इंटरनेटवर टाकायला. एखाद्या साइटला चौकोनी लागतो, एखादीला दोनशे केबीच्या आत लागतो. कोपरा धरायचा, ओढायचा, सेव्ह करायचं. झालं. पण ह्याचा थाट असा, की जणू सगळी माणसं ह्यानंच घडवली आणि आता पस्तावतोय.

"काय एकेक थोबाडं!" पुढे काउंटरवर बसणाऱ्या थोरल्या बहिणीला तो ऐकवायचा. "आणि हौस बघ जगाला दाखवायची."

"हळू बोल. गिऱ्हाईक उभं आहे बाहेर," ताई म्हणायची.

"उभं राहू दे. त्याला काय कळतंय!"

चौकोनात सगळी माणसं मावली नाहीत की तो कडेचं माणूस कापायचा. कोण आहे, कुणाचं आहे, विचारायचं नाव नाही. मधे उभं राहायची अक्कल नाही, तर जा बाहेर, एवढाच त्याचा न्याय. आणखी एक खोड होती. ह्या कामातला कुठलाही शहाणा माणूस आधी फोटोची प्रत काढतो आणि कापाकापी करायची ती प्रतीवर करतो. ह्याला तेवढाही कंटाळा. लहान केलेला फोटो हा मूळ फोटोच्याच जागी सेव्ह करायचा. म्हणजे मोठा फोटो गेला तो गेलाच.

एका दुपारी एक ड्रायव्हरकाका आले. जन्मभर बस चालवलेला माणूस, उभं राहतानाही एक पाय ब्रेकवर असल्यासारखा. गोळ्यांच्या रिकाम्या डबीतून त्यांनी ते नखाएवढं कार्ड काढलं.

"साहेब, मागच्या वर्षी आमच्या तिघांचा फोटो तुम्ही लहान करून दिला होता. मुलीला तिच्या पेजवर टाकायचा होता. त्यात आमची ही कापली गेली. पण हसली ती. म्हणाली, जाऊ दे, मोठ्या फोटोत आहे ना मी."

"मग?"

"गेल्या महिन्यात ती गेली. तिचा हा एकच फोटो, साहेब. कधी उभीच राहायची नाही फोटोला. त्या दिवशी मुलीनं ओढून आणली, तर कडेला उभी राहिली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून. तेवढा मोठा करून द्या."

कात्रीनं कार्ड लावलं. आत फोटो एकच, तोही चौकोनी, इवलासा. काका आणि मुलगी. मुलीच्या खांद्यावर मनगटापासून तुटलेला एक हात. तर्जनीला पांढरी चिंधी. बाकीची बाई ह्यानंच घालवली होती.

'चुकलं माझं' म्हणायला किती वेळ लागतो? पण म्हाताऱ्यापुढे, आणि तेही बहिणीच्या देखत, जीभ वळेल तर तो कात्री कसला!

"काका, ह्या फोटोत बाई नव्हत्याच."

"अहो, होती. हात बघा ना तिचा. सकाळी विळीवर बोट कापलं होतं. चिंधी मीच बांधली होती."

"तो मुलीचाच हात. वय झालं की होतं असं. डोक्यात घोळ होतो."

काका पडद्याकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे... मीच चुकीचं धरून बसलो होतो?"

"तेच म्हणतोय."

त्यांनी कार्ड डबीत ठेवलं आणि कठडा धरून धरून पायऱ्या उतरले.  ताई भावाकडे बघत राहिली.

त्याच दुपारी कात्रीनं पुढचा फोटो घेतला. कुण्या डॉक्टरच्या नव्या दवाखान्याचा. पाच जणं रांगेत. कोपरा धरून ओढला, तर कडेच्या नर्सच्या खांद्यावर एक हात. बोटाला चिंधी. त्यानं नर्ससकट कापला. हात शेजारच्याच्या खांद्यावर आला. तोही कापला. हात आणखी आत आला. कापत कापत शेवटी एकटा डॉक्टर उरला, आणि त्याच्या खांद्यावर तो हात.

"कसला रे वास?" ताईनं बाहेरून विचारलं. "ओल्या चिंधीचा... औषधाचा..."

"काही नाही," तो म्हणाला. पण वास त्यालाही येत होता. अगदी मानेजवळून.

आठवडाभर हेच. लोक फोटो परत आणून ताईच्या पुढ्यात टाकायचे. "हा कुणाचा हात घुसवलाय हो?" शेवटी खोलीचं दार लावून कात्रीनं कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यानं स्वतःचाच फोटो काढला. मागे कोरी भिंत. पुढे तो एकटा. आणि डाव्या खांद्यावर...

त्यानं ताईला हाक मारली. 

"काकांना... बोलाव."

काका आले. कात्रीनं मान खाली घालून सगळं सांगितलं. मोठा फोटो कसा गेला, खोटं कसं बोललो. काका रागावले नाहीत. डबीतलं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. एवढंच म्हणाले, "म्हणजे मी चुकलो नव्हतो."

"नाही, काका."

"मग कड धरा आणि बाहेर ओढा."

"काका, कापलेलं परत येत नसतं. नुसतं पांढरं येईल."

"ओढून तर बघा."

त्यानं काका-मुलीच्या त्या फोटोची कड धरली आणि ओढली. पांढरं आलं. मग पांढऱ्यात मनगट आलं. मग बाही... मग कोपर. कात्रीनं डोळे गच्च मिटले. खोलीत वास दाटला.

"अजून थोडं," काका कुजबुजले. "अजून... बस्स. आली."

मग बराच वेळ म्हातारा नुसता रडत होता. मधेच हळू म्हणाला, "किती ताटकळत ठेवलं गं तुला..."

फोटो ताईनं छापला. कात्रीनं तो पाहिला नाही, अजूनही पाहिलेला नाही. इतरांच्या थोबाडांवर तोंडसुख घेणाऱ्या ह्या मर्दाला आपल्याच दुकानातला फोटो बघायची छाती झाली नाही. काका फोटो उराशी धरून घरी गेले. पायऱ्या कठडा न धरता उतरले.

ताईनं मात्र तो नीट पाहिला होता. बाई पूर्ण आली होती, लाजरी, हसरी. फक्त मुलीच्या खांद्यावर आता हात नव्हता. बाईनं तो तिथून काढला होता. लांब केला होता, समोर, बघणाऱ्याच्या दिशेनं, आणि मनगटापासून पुढे तो फोटोच्या खालच्या कडेबाहेर गेला होता.

कात्री आता प्रत काढल्याशिवाय फोटोला हात लावत नाही. पाठ भिंतीला टेकवून बसतो. ताई त्याचे शर्ट रोज उन्हात घालते. सगळा शर्ट वाळतो, डाव्या खांद्यावरचे बोटांचे ओले ठसे तेवढे वाळत नाहीत. त्यातला एक जरा जाड आहे. चिंधीएवढा.