लांबची

तुम्ही त्या दाराजवळच्या खुर्चीत बसा. हो, तीच. इतक्या लांबून मुलाखत कशी घ्यायची असं वाटेल, पण तिथूनच तुमचं बोलणं मला, पुसट का होईना, ऐकू येतं. कारण ओघात येईलच. आणि ही माझी बायको. तिचं बोट माझ्या मनगटावर आहे, तिकडे लक्ष देऊ नका. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय असं नाही, ती आमची कामाची जुनी खूण आहे.

तर तुम्ही भुताखेतांच्या सिनेमांवर पुस्तक लिहिताय. बरोबर माणसाकडे आलात. बत्तीस वर्षं मी सिनेमांचं ध्वनिमिश्रण केलं. संवाद, पावलं, वारा, संगीत हे सगळं आमच्याकडे सुटं सुटं येतं. ते एकत्र करायचं आणि कुठला आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं, एवढंच माझं काम. आमच्या स्टुडिओत यायचे ते बहुतेक अजब प्राण्यांचेच सिनेमे. झोपेत धड सोडून नुसतं मुंडकं घेऊन उडणारी बाई, माणसाशी संसार मांडणारी कोल्हीण, दोरीसारखी मान लांबवणारी शेजारीण, तळ्याच्या तळाशी शंभर वर्षं वेटोळं घालून बसलेला साप. थिएटरात लोकांची पाचावर धारण बसायची आणि इकडे आम्ही दोघं डबा खात खात त्या मंडळींना आवाज लावायचो. मुंडकं उडायला ओला टॉवेल, कोल्हिणीच्या शेपट्यांना हिचा रेशमी रुमाल. "माझा रुमाल तुमच्यापेक्षा जास्त सिनेमांत गाजलाय," असं ही अजून ऐकवते.

हाक मात्र त्या सगळ्यांची एकच होती. ती एका जुन्या टेपवर होती. कधी संथ करून, कधी उलटी फिरवून मी तीच वाजवायचो.

टेप मला दिली कानसाहेबांनी. खरं नाव कुणी घेत नसे. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. तरुणपणी ते एकटे डोंगरात, जंगलात जाऊन आवाज टेप करून आणायचे. पुढे बिचारे ठार बहिरे झाले. कुणी कानाशी जाऊन ओरडलं तर हात झटकून म्हणायचे, "मागे सर. आणखी मागे." आम्हाला वाटायचं, म्हातारा तिरसट झालाय. काम सोडताना त्यांनी ही टेप माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "हिला कधी बारीक वाजवू नकोस. कायम मोठ्यानं वाजव."

मी मान डोलावली. जुन्या टेपला खरखर असते. आवाज मोठा ठेवला की ती झाकली जाते, बारीक केला की उघडी पडते. आमच्या धंद्यातल्या कुणीही त्या बोलण्याचा हाच अर्थ लावला असता.

आता माझ्या कानांचं सांगतो. आता सांगणार आहे त्या गोष्टीच्या दोन वर्षं आधी माझा उजवा कान गेला आणि डावाही त्याच वाटेला लागला. डॉक्टर म्हणाले, फार तर आणखी दोन-तीन वर्षं. आवाजाचं काम करणाऱ्याचा कान जाणं म्हणजे आचाऱ्याची जीभ जाणं. मी हिच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. ही माझ्याच शेजारी बसून आवाज साफ करण्याचं काम करायची. तिनंच युक्ती काढली. अंधारात तिचं बोट माझ्या मनगटावर असायचं. आवाज ऐकू येतोय तोवर बोट टेकलेलं, ऐकू येईनासा झाला की उचललेलं. तिच्या बोटाच्या जिवावर मी दोन वर्षं काम केलं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

पोटाची चिंता होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. रात्री दिवा मालवला की ही उशीवर डोकं टेकून अर्धा तास कुजबुजायची. कोण काय म्हणालं, कुणाचं कुणाशी बिनसलं, दूधवाल्यानं आज काय थाप मारली. लग्नाला तीस वर्षं झाली तरी त्यात खंड नव्हता. ते कुजबुजणं आता मला निम्मंच कळायचं. मी नुसता हुंकार भरायचो. तिला ते समजत होतं, तरी ती बोलत राहायची. ते पुरतं हरवलं तर मी काय करू, या विचारानं मला झोप लागत नसे.

अशात ती दिग्दर्शिका आली. तिशीची पोर, चुणचुणीत. तिच्या सिनेमाचं शेवटचं रीळ मिक्स करायचं होतं. वेळ भर दुपारची, पण मिक्सिंगच्या खोलीला खिडकी नसते, तिथे दुपार आणि मध्यरात्र सारखीच. प्रसंग साधा होता. एक वाटसरू पायवाटेच्या कडेला बसलाय आणि समोरच्या डोंगरावरून, जमिनीपर्यंत केस सोडलेली एक भुताची बाई हाक देत त्याच्याकडे येतेय.

"काका," दिग्दर्शिका म्हणाली, "ती जवळ येईल तसा हाकेचा आवाज कमी करत आणा."

"कमी? अगं, जवळ येणाऱ्या गोष्टीचा आवाज वाढतो. तान्ह्या पोरालाही कळतं ते."

"हिचा नाही वाढत. माझी मावशी डोंगरात राहायची. तिच्याकडे हिचं नाव घेत नसत, 'लांबची' म्हणत. लांबच राहावी म्हणून. हाक मोठी आली की लोक निवांत झोपायचे. बारीक झाली की दिवे मालवायचे. आणि ऐकूच येईनाशी झाली..."

"की?"

"की मान खाली घालून बसायचं. ती शेजारी उभी असते."

"लांबची म्हणजे यांच्याकडून असणार," ही म्हणाली. "माझ्या माहेरचे सगळे जवळ येऊनच ओरडतात."

आम्ही तिघंही हसलो. मला क्षणभर कानसाहेब आठवले. पण खरखर तर हिनं आठवडाभर बसून पार पुसून काढली होती, मग बारीक करायला हरकत कसली? शिवाय वाद घालायची माझी टाप नव्हती. वाद वाढला असता तर पोर म्हणाली असती, 'नीट ऐका ना काका,' आणि तिथंच माझं पितळ उघडं पडलं असतं.

दिवे मालवले. दिग्दर्शिका पुढच्या रांगेत जाऊन बसली. पडदा उजळला, डोंगर दिसला आणि हाक सुरू झाली. पहिली हाक पूर्ण आवाजात होती. मग मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळूहळू खाली ओढायला लागलो. पट्टी निम्म्यावर आली तेव्हाच माझ्यापुरती हाक संपली. मी हिच्या बोटावर भिस्त ठेवून आणखी खाली आलो. बोट टेकलेलं होतं. पाव राहिली. बोट टेकलेलंच. पट्टी तळाला लागली. त्याच्याखाली जायला जागा नसते. मीटरचे सगळे दिवे विझले.

बोट टेकलेलंच होतं.

"अगं," मी पुटपुटलो, "आवाज बंद केलाय मी..."

तिनं बोट आणखी दाबलं. ते थंडगार पडलं होतं.

मग वास आला. ओल्या केसांचा, आणि त्यामागे दगडांवरून वाहणाऱ्या पाण्याचा. मला खोकला आला. आता हे नीट ऐका. मिक्सिंगची खोली मुकी असते. भिंतींना जाड कापूस, वर कापड, खाली गालिचा. तिथे टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरते. मी खोकलो, आणि चार आकडे मोजेपर्यंत काही झालं नाही. मग माझा खोकला समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. त्याच्यामागून आणखी लांबच्या डोंगरावरून. मग त्याहून लांबच्या. माझ्या त्या मोडक्या डाव्या कानालाही तो ऐकू आला.

मी वर पाहिलं नाही. पण डोक्यावर छत उरलेलं नाही, हे मानेला कळत होतं. तिथे मोकळं आभाळ होतं आणि आभाळ अडवून कुणीतरी उभं होतं. किती उंच, ते सांगता येणार नाही. पुढच्या रांगेत दिग्दर्शिकेनं कपाळ गुडघ्यांना टेकवलं होतं. पडद्यावर ती नटी अजून चालतच होती, खोटे केस सावरत. आमची बत्तीस वर्षांची मुंडकी, कोल्हिणी, साप, सगळे मला पाटीवरच्या चित्रांसारखे वाटले. ज्यांनी कुणी पहिल्यांदा या गोष्टी सांगितल्या, त्यांनी हे पाहिलं असणार, आणि सांगता न आल्यामुळे बिचाऱ्यांनी केस आणि दात सांगितले असणार.

तेव्हा हिनं बोट उचललं.

भीती वाटली का म्हणता? वाटली तर. पण भीतीहून खूप मोठं काहीतरी समोर होतं आणि त्याच्यापुढे भीती लहान होऊन एका बाजूला बसली. आपण किती एवढेसे आहोत आणि तरीही आपल्याकडे कुणीतरी वाकून बघतंय, या जाणिवेनं मला रडू फुटलं. माझे हात जोडले गेले. मनात एकच मागणं आलं. मला ऐकू येऊ दे. एवढंच. कुणाचं, कसं, ते काही म्हटलं नाही. घाईत मागताना माणूस नेमकं तेच विसरतो.

माझ्या मेलेल्या उजव्या कानावर गार फुंकर आली. पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते तशी.

आणि मला ऐकू यायला लागलं. त्या जाड भिंतींपलीकडचं, चौकापलीकडचं. कुठेतरी सायकलची साखळी उतरली. कुठेतरी शाळेची घंटा झाली. तीन गल्ल्या सोडून एक बाई कुणाला तरी म्हणाली, "ताट घासून ठेव आधी." मी हसतही होतो आणि रडतही होतो. हे सगळं लांबचं आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवे लागले तेव्हा दिग्दर्शिकेचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठून दाराशी गेली आणि तिथून म्हणाली, "काका, आवाज मोठा करा. शेवटपर्यंत मोठाच ठेवा." मी ठेवला. सिनेमा तसाच लागला.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हेडफोन लावून तपासलं, तर दोन्ही कान शून्य. हात टेकून ते बाहेर गेले आणि लांबलचक बोळाच्या दुसऱ्या टोकाला नर्सच्या कानात म्हणाले, "म्हातारा नाटकी दिसतोय." परत आल्यावर मी त्यांना ते शब्द न् शब्द म्हणून दाखवलं.

आता कळलं ना, तुम्हाला दाराशी का बसवलं? ही बाजारात गेली की तिकडे केलेली घासाघीस मला इथे ऐकू येते. ती घराकडे निघाली की आवाज बारीक होत जातो. जिन्यावर आली की पुसट. शेजारी येऊन बसली की संपलं. रात्री उशीवर फक्त तिचे ओठ हलताना दिसतात. सुरुवातीला आम्ही दोघंही खूप रडलो. मग तिनंच तोड काढली. जेवणं आवरली की ती खाली उतरते, रस्त्याच्या टोकाच्या दिव्याखाली जाऊन उभी राहते आणि हळू आवाजात दिवसभराचं सांगते. मी अंथरुणात पडून ऐकतो. शेजाऱ्यांना वाटतं, आमचं रोज भांडण होतं आणि मी बायकोला घराबाहेर काढतो.

कानसाहेब बहिरे नव्हते, हे मला तेव्हा कळलं. तोवर ते गेले होते. 'मागे सर' म्हणायचे, ते ऐकायचं असायचं म्हणून. आम्ही मात्र प्रत्येक वेळी आणखी जवळ जाऊन ओरडलो. याची मला फार लाज वाटते.

एवढी वर्षं ती हाक आम्हा दोघांनाही रोज ऐकू यायची. डोंगराच्या बाजूनं, चांगली खणखणीत. ऐकली की जिवाला बरं वाटायचं. पण गेल्या आठवड्यापासून ती बारीक होत चालली होती. कालपासून मला येतच नाही. हिचे कान धड आहेत, तिला अजून येते, अगदी बारीक. म्हणून ही सकाळपासून अशी बसलीये. तुम्ही आलात तेव्हा बोट टेकलेलं होतं, आपण बोलत होतो तेव्हाही.

का येतेय ते मला माहीत नाही. दिलेलं परत न्यायला येत असेल तर खुशाल न्यावं. या वेळी मी घाई करणार नाही. मागणं नीट ठरवून ठेवलंय. बाकी सगळं जग मुकं झालं तरी चालेल, पण हिचं उशीवरचं कुजबुजणं मला मिळावं. ती ते देईल की आणखी काही घेऊन जाईल, देव जाणे. हिनं मला विचारलं नव्हतं आणि मीही हिला सांगितलं नव्हतं, आत्ता तुमच्याबरोबरच ऐकतेय.

तुम्हाला कसला वास येतोय का? ओल्या केसांचा?

उठू नका. खुर्ची सरकवू नका. वही तशीच राहू द्या आणि मान खाली घाला...

हिनं बोट उचललं.