दोन जाहिरातींच्या मध्ये

ही घटना खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या. पण ज्याच्या घरात घडली तो यशोवर्धन आजही ती सांगताना मध्येच थांबतो.

साल १९९८. ऑगस्टातला रविवार, दुपारचे चार. बेंगळूर, राजाजीनगर.

घरात चार माणसं. यशोवर्धन, बायको पवित्रा, सात वर्षांची रक्षिता आणि वडील मानसिंगराव, म्हणजे अप्पा. आई अंबुबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती. फेब्रुवारीत मानसिंगरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना दचकू देऊ नका, दुसरा झटका झेपायचा नाही.

आणि ते दिवसभर टीव्हीपुढे बसलेले. सिनेमा हळू आवाजात चालायचा आणि जाहिरात लागली की घर दणाणायचं. जाहिरात साबणाची, आवाज लग्नाच्या बँडचा. अप्पा दर वेळी थरथरायचे.

त्यात आणखी एक खोड. धड राहिलेल्या डाव्या हातानं ते रिमोट ओढून आवाज आणखी वाढवायचे. यशोवर्धनला वाटलं, डोकं ठिकाणावर नाही. त्यानं रिमोट कपाटावर ठेवून दिला.

मग तो एस. पी. रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेला. टीव्हीचा आवाज आपल्या स्पीकरमधून सोडणारा रिसीव्हर त्याला हवा होता, पण जाहिरातींना वेसण घालणारा. दुकानदार देवाप्पा निपाणीकडचा. त्यानं एक नवाकोरा काढला आणि स्वतःच नको म्हणाला. त्याची आवाज दाबायची सोय फक्त डिस्कवरच्या सिनेमांना चालायची, केबलला नाही. असा दुकानदार दिवा घेऊन शोधावा लागतो.

शेवटी त्यानं कोपऱ्यातला जुना जपानी पुढे केला. काहीही जोडा, सगळा आवाज एका पातळीत आणणारा.

"पण स्वल्प ऐका, अण्णा," देवाप्पा म्हणाला. "हा मोठा आवाज खाली दाबतो, तसा बारीक आवाज वर उचलतो. शांत असेल तिथं खरखर येणार. सरी? चालेल?"

खरखरीला कोण घाबरतं? यशोवर्धनला बाप वाचवायचा होता. त्यानं तो घरी आणला.

रविवारी सिनेमा सुरू झाला. जाहिरात लागली... आणि आवाज जागचा हलला नाही. यशोवर्धनचा जीव भांड्यात पडला. त्यानं मोठ्या कौतुकानं अप्पांकडे पाहिलं.

अप्पा रडत होते. डावा हात रिसीव्हरच्या बटणाकडे ताणलेला.

एक जाहिरात संपली. दुसरी लागण्याआधी पडदा क्षणभर काळा झाला. त्या शांततेत खरखर वर आली...

आणि खरखरीत कोणीतरी होतं.

बाईचा श्वास. अगदी जवळचा.

पुढच्या जाहिरातीनं तो झाकून टाकला. मग पुन्हा काळा पडदा... पुन्हा खरखर...

"रक्षू..."

अंबुबाईंचा आवाज. नातीला रक्षू म्हणणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

पवित्रा स्वयंपाकघरातून आली ती पांढरीफटक पडूनच.

"अहो, ओ देऊ नका," ती कुजबुजली. "त्या आई नाहीत."

त्या दिवसांत गल्लीतल्या निम्म्या दारांवर खडूनं 'नाळे बा' लिहिलेलं होतं, म्हणजे उद्या ये. ओळखीच्या आवाजात हाक येते, जो ओ देईल तो जातो, अशी आवई होती. यशोवर्धननं हसून आपल्या दारावर काही लिहू दिलं नव्हतं.

आता त्याला उमगलं. अप्पा जाहिरातींना घाबरत नव्हतेच. नातीच्या कानावर पडू नये म्हणून ते ही हाक आवाजाखाली गाडत होते. आणि मुलानं त्यांच्या हातून रिमोट काढून घेतला, वर हाक मोठी करणारं यंत्र आणून ठेवलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं रिसीव्हर बंद केला. टीव्ही बंद केला. दोन्ही प्लग उपटले.

खरखर चालूच होती...

"रक्षू, ये गं..."

रक्षिता आतल्या खोलीतून दारात आली. अज्जीचा आवाज ओळखून ती हसली. तिनं तोंड उघडलं. यशोवर्धन झेपावला, पण ती चार पावलं लांब होती.

"ओ."

स्पष्ट. ठणठणीत.

पण आवाज रक्षिताचा नव्हता. सहा महिने ज्यांच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं, त्या मानसिंगरावांनी ओ दिली होती.

खरखर थांबली.

अप्पा डोळे उघडे ठेवून बसले होते. यशोवर्धननं त्यांचं मनगट धरलं. नाडी लागली नाही.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. अप्पा बोलले हे मात्र डॉक्टरांनी मानलं नाही. यशोवर्धन म्हणतो, मी बापाला मारलं. पवित्रा म्हणते, त्यांनी पोरीला वाचवलं. कोणाचं खरं धरायचं?

तेव्हापासून त्या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावतात.

रक्षिता शाळेत हजेरीला नुसता हात वर करायची. बाईंची तक्रार आली, तेव्हा यशोवर्धननं तिला मांडीवर घेऊन समजावलं. आता ओ द्यायला हरकत नाही, ते गेलं.

ती त्याच्या कानाशी कुजबुजली.

"पण बाबा, अज्जांनी माझ्या नावाची ओ दिली ना... मग मी दिली तर तिला कळेल, मी अजून इथंच आहे."

दुसऱ्या दिवशी यशोवर्धननं बाईंना चिठ्ठी दिली, हजेरीला तिचा हात पुरे.