सहा बाटल्या समुद्र

"चोरी झाली बाई," रुख्माबाई म्हणाल्या, "अन् चोरीत पाणी गेलं."

केशोरावांचं पेन वहीवरच थांबलं. गोंदियाच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या त्या अरुंद खोलीत बसून त्यांनी चार वर्षांत गाई, दुचाक्या, दागिने आणि एकदा तर नवरदेव हरवल्याच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. पाण्याची ही पहिलीच. वाचनालयाच्या नोकरीत उभी हयात गेलेला हा माणूस. कानावर काही विचित्र पडलं की त्यांना आधी स्वतःच्या कानांचाच संशय येई.

रीताबाई तुरकर मात्र हसल्या नाहीत. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे हुडकून त्या खासगी तपासाच्या या कामात आल्या होत्या. "कसलं पाणी?" त्यांनी विचारलं.

"समुद्राचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रुख्माबाई नवेगाव बांधच्या. नवरा टिकाराम तलावात मासे धरत, त्या विकत. एकुलता एक मुलगा ओमेश तीन वर्षांपूर्वी जगभर फिरणाऱ्या एका पर्यटकांच्या जहाजावर कामाला लागला. खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या. निघताना त्यानं विचारलं, माय, तुले काय आणू?

"मी म्हटलं, मले कोण समुद्र दाखवते? तू पाणी पाठव. साती समुद्राचं. एक एक बाटली."

सुट्टीवर येणाऱ्या पोरांच्या हाती तो अर्ध्या लिटरची बाटली पाठवायचा, सोबत त्या बंदराच्या चित्राचं कार्ड. सामान बसनं कोहमाऱ्यापर्यंत यायचं, टिकाराम जाऊन आणायचे. रुख्माबाई अर्धं पाणी तुळशीला घालायच्या, अर्धं देवापाशी ठेवायच्या. सहा बाटल्या झाल्या होत्या. सोमवारी शाळेचे वीरेंद्र सर त्या नेणार होते. पाणी आटवून मीठ कसं निघतं ते पोरांना दाखवायचं होतं. रविवारी रुख्माबाई बाजारातून परतल्या तर फळी रिकामी.

"ओमेशचा फोन येतो?" रीताबाईंनी विचारलं.

"मागच्या सालच्या मिरगात आला होता. पाण्यात फोन लागत नाही म्हणते." बस उशिरा आहे असं सांगावं, इतक्या शांतपणे त्या बोलल्या.

"अन् तुम्हाला हे केव्हापर्यंत हवंय?"

"अमावस्येच्या आत."

"का?"

रुख्माबाईंनी पदर सावरला. "घरी काम हाये."

केशोरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. पितृपक्ष चालू होता, अमावस्या चार दिवसांवर आली होती. त्यांनी ते लिहून घेतलं. कशासाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवेगावला पोचले. अंगणात टिकाराम जाळं विणत बसले होते. लाकडी सुई डाव्या हातात होती आणि ती पाण्यातल्या मासोळीसारखी सरसर फिरत होती. पाहुणे पाहून ते उठले, चहा आणला. कप डाव्या हातानं पुढं केला, मग जीभ चावून उजव्या हातात घेतला.

"माफ करा साहेब. डावखोरा हावो. माय मारे लहानपणी, तरी गेलं नाही."

"पाणी कोणी नेलं असेल, काय वाटतं?" रीताबाईंनी विचारलं.

"पाणी का चोरायची चीज हाये?" टिकाराम नजर न उचलता म्हणाले. "पोरंसोरं खेळाले घेऊन गेले असतील. गेलं तं गेलं. सातवी बाटली येईलच."

"रविवारी तुम्ही कुठं होता?"

"तलावावर. अजून कोठी जाईन?"

घरात देवाच्या फळीवर धुळीत सहा गोल डाग तेवढे उरले होते. भिंतीवर सहा चित्रं चिकटवली होती, निळी बंदरं, पांढरी घरं आणि सात मजली जहाजं. एका चित्रात जहाजाच्या गच्चीवर एक म्हातारं गोरं जोडपं हातात हात घालून बसलं होतं.

"ओमेश म्हणे, त्याहीच्या लग्नाले पन्नास वर्षं झाले, म्हणून फिराले निघाले," रुख्माबाई म्हणाल्या. "म्हणे, माय, एक दिवस तुमालेही असंच बसवतो. तू अन् बाबा. कोणी काम सांगणार नाही, बसल्या जागी जेवण. मी म्हटलं, बसून बसून कमर धरेल माझी."

त्या हसल्या. अंगणातली सुई क्षणभर थांबली, मग पुन्हा फिरू लागली.

दाराशी तेलाच्या पिंपात तुळस होती. कमरेएवढी, हिरवीगार, मंजिऱ्यांनी लवलेली. तिच्या खोडाला सहा दोरे बांधले होते. प्रत्येक बाटलीच्या गळ्याचा दोरा रुख्माबाई गाठ न सोडता काढून घेत आणि इथं अडकवत. खालचे दोन पांढरे, वरचे चार जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याचे. रीताबाई गाठींवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"छान वाढली तुळस," केशोराव म्हणाले. काहीतरी बोलावं म्हणून.

"ही दुसरी होय. पहिली वाळली, तिचे दोन दोरे हिले घातले. मागच्या सालच्या होळीले ओमेशचं दुसरं पाणी आलं, त्याच महिन्यात. ऊन लागलं असेल. मग पोळ्याले तिसरं पाणी आलं, तोवर ही लावली होती. हिले काहीच झालं नाही."

*

शेजारची नीतू ओमेशची कार्डं वाचून दाखवायची. ती बारावी शिकलेली सून होती. दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही.

"मी फक्त वाचून देतो जी. बाटल्याबिटल्या मले माहीत नाही."

"शेवटच्या कार्डात काय होतं?"

"ते... ओमेशदादानं लिहिलं होतं." तिनं भिंतीकडं पाहत पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, "'माय, इकडं यंदा पाऊस लई झाला. समुद्र काठोकाठ भरला. सांभाळून राहा. तुझा ओमेश.'"

केशोरावांना ते वाक्य फार आवडलं. समुद्र काठोकाठ भरला. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. रीताबाईंनी वहीत डोकावून पाहिलं आणि त्या वाक्याखाली रेघ ओढली. नीतूचे डोळे भरून आले होते. कांदा चिरून राहिली होती म्हणाली. आत चूल पेटलेली नव्हती.

वीरेंद्र सर शाळेच्या व्हरांड्यात भेटले. तरुण, घाईचे. "मॅडम, मी कशाला चोरू? मला तर त्या मिळणारच होत्या. खरं सांगू, माझ्या डोक्यातही नव्हतं. रुख्माआजीच आल्या शाळेत. म्हणाल्या, खाऱ्या पाण्यातून मीठ निघते म्हणते, ते सगळ्यांसमोर करून दाखवा. मी म्हटलं, आयडिया चांगली आहे."

"हे ठरलं तेव्हा कोण होतं?"

"त्यांच्या अंगणात ठरवलं. त्या, टिकारामबाबा आणि नीतूवहिनी. बाबांना त्यांनी दोनदा सांगितलं, सोमवारी नेणार आहेत बरं का, विसरू नका."

परतताना रीताबाई तलावाच्या पाळीवर थांबल्या. खाली उतरून त्या ओंजळभर पाणी प्यायल्या.

"काका, गोड आहे."

"तलावाचं पाणी गोडच असणार," केशोराव म्हणाले आणि लगेच ओशाळले. आपण नेहमी तेच बोलतो, जे सगळ्यांना ठाऊक असतं.

"तेच तर. चला, संध्याकाळच्या आत संपवू. अन् ऐका, मी बोलायला लागले की रुख्माबाईंकडं बघत राहा. टिकारामकडं नाही."

*

दुपारी अंगणात पाच जण बसले. रुख्माबाई तुळशीपाशी, टिकाराम जाळ्यापाशी, नीतू भिंतीला टेकून. केशोराव कोपऱ्यात.

"चोरी बाहेरच्यानं केली नाही," रीताबाईंनी सुरुवात केली. "पाणी विकत कोणी घेत नाही. ते नेण्यात एकाच माणसाचा फायदा होता. सोमवारी ते पाणी आटलं असतं अन् तळाशी मीठ निघालं नसतं, हे ज्याला ठाऊक होतं त्याचा."

रीताबाईंनी तुळशीकडं बोट केलं.

"समुद्राचं पाणी तुळशीला चालत नाही. पहिल्या दोन बाटल्या खऱ्या होत्या, म्हणून पहिली तुळस जळाली. उन्हानं नाही, मिठानं. तिसऱ्या बाटलीपासून तुळस वाढतच गेली. म्हणजे पोळ्यापासून आलं ते पाणी गोडं होतं. ते या तलावाचं."

"बाई," टिकाराम म्हणाले.

"कार्डंही तशीच. पाऊस झाला म्हणून समुद्र भरत नाही, नीतू. तलाव भरतो. हे वाक्य लिहिणाऱ्यानं जन्मात पाणी म्हणून हा एक बांधच पाहिला आहे."

नीतू ओढणीत तोंड लपवून रडू लागली. "बाबाच म्हणत होते, लिहून दे. मी का करू?"

"दोरे बघा. खालचे दोन पांढरे, जहाजावरचे. त्यांच्या गाठी उजव्या हाताच्या. वरच्या चार जाळ्याच्या गाठी, पण उलट्या फिरलेल्या. या जाळ्याच्या आहेत, तशाच. डावखोऱ्या माणसाच्या." रीताबाईंचा आवाज खाली आला. "टिकारामजी, बाटल्या तुम्ही भरल्या, तुम्हीच नेल्या. खऱ्या बाटल्या होळीनंतर थांबल्या. फोन मृगानंतर थांबला. मागच्या वर्षी मृग आणि पोळा यांच्यामध्ये तुम्हाला निरोप आला. बरोबर?"

आत्ता ही बाई कोसळणार, आणि आपण ते होऊ दिलं. सांगितलं होतं म्हणून त्यांनी रुख्माबाईंकडं पाहिलं.

रुख्माबाई तुळशीच्या खाली पडलेली पानं वेचत होत्या.

टिकाराम बोलू लागले ते जमिनीशी. "जहाजावरून पडला म्हणे. तीन दिवस शोधलं. सापडला नाही. त्याची पेटी नागपूरले आली, मीच आणली. त्यात कोरे कार्डं होते. मायसाठी घेऊन ठेवले होते त्यानं, पुढचे सगळे. डॉक्टर म्हणे हिचं काळीज कमजोर हाये... मी का करतो, बाई? कसा सांगतो?"

"तुम्ही त्यांना वाचवत होता," रीताबाई म्हणाल्या. "पण एक गोष्ट तुम्ही विसरलात. रुख्माबाईंनी चाळीस वर्षं तुमच्याजवळ बसून जाळी सोडवली आहेत. तुमची गाठ मी एका सकाळीत ओळखली. त्यांना किती वेळ लागला असेल?"

टिकारामांनी मान वर केली.

"पंधरा महिने पोराचा फोन नाही अन् आईची एक तक्रार नाही. पाणी आटवायची गोष्ट सरांना त्यांनीच सुचवली, अन् तुम्हाला दोनदा ऐकवली. तुम्ही बोलाल म्हणून. तुम्ही बोलला नाहीत, बाटल्या हलवल्या. मग त्या माझ्याकडं आल्या. त्यांना चोर नको होता. दुसऱ्या कोणाच्या तोंडून हे बोललं जायला हवं होतं, अमावस्येच्या आत."

तलावाकडून वारा आला. जाळं थोडं हललं.

"तिसऱ्याच बाटलीले ओळखलं मी," रुख्माबाई म्हणाल्या. "गाठीले हात लावला अन् ओळखलं."

"मंग काऊन नाही बोलली, ओमेशची माय?"

"अजी, तुमी कोहमाऱ्याहून बाटली घेऊन याचे, अन् किती खुशीनं सांगाचे, हे अमुक समुद्राचं, हे तमुक समुद्राचं. मी बोलली असती तं ते बी बंद झालं असतं. मले वाटे, आज सांगतील, उद्या सांगतील. तुमी तलावावर जाऊन रडून याचे, मी चुलीपाशी." त्यांनी वेचलेली पानं पिंपात टाकली. "दोन पितरपक्ष गेले असते असे. मागचा गेलाच. सगळ्याच्या घरी पानं वाढले, माझ्या पोराले कोणी जेव म्हटलं नाही. अजून किती दिवस उपाशी ठेवता त्याले?"

टिकाराम उठले आणि आत गेले. धानाच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी दोन अर्ध्या भरलेल्या बाटल्या काढल्या.

"माझे चार तलावात ओतले," ते म्हणाले. "त्याचे दोन नाही ओतवले."

रुख्माबाईंनी एका बाटलीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारं हाये," त्या म्हणाल्या. आणि मग रडल्या.

*

अमावस्येला बोलावणं आलं. रीताबाई निघाल्या, केशोरावही गेले. आपला तिथं काय उपयोग, असं त्यांना बसमध्ये पूर्ण वेळ वाटत राहिलं.

वीरेंद्र सरांनी शाळेतून पातेली आणली होती. चुलीवर दोन्ही बाटल्यांचं पाणी आटत होतं. पोरं नव्हती, धडा नव्हता. नीतू फुंकणीनं जाळ धरून होती. पाणी कमी होत गेलं, तडतडलं, आणि तळाशी पांढरा थर उरला. मूठभरसुद्धा नाही.

अंगणात ओमेशचं पान मांडलं होतं. भात, वरण, वडे, खीर, आणि त्याला आवडायची म्हणून तळलेली मासोळी वेगळ्या द्रोणात. पानावर एक कोपरा मोकळा होता, मिठाचा.

"तुमीच वाढा," रुख्माबाई म्हणाल्या.

टिकारामांनी पातेल्यातून चिमूट उचलली. पानापाशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हात डावा आहे. पितरांचं पान. ते थांबले आणि मीठ उजव्या हातात घेऊ लागले.

रुख्माबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याले हाच हात ओळखीचा हाये."